पद्मेच्या अलीकडे
घर तुटल्याची कळ ऋत्विक घटकांच्या ‘कोमल गांधार’इतकी (१९६१) दुसऱ्या कुठल्याच चित्रपटात माझ्या अंगावर आलेली नाही. त्यातले भृगू आणि अनसूया पद्मा नदीच्या काठी उभे असतात. पलीकडे दिसतो तो पूर्व बंगाल, भृगूचा मुलूख. पूर्वी पुढची वाट दाखवणारे रूळ आता काठाशीच संपतात. कॅमेरा त्या रुळांवरून सुसाट धावत सुटतो, शेवटच्या अडसरावर आदळतो आणि पडदा काळाठिक्कर! एकही प्रेत न दाखवता फाळणी दाखवायची ती अशी. घटक स्वतः ढाक्यात जन्मलेले. पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी मणी कौल, कुमार शहानींसारखे शिष्य घडवले. पण प्रदर्शित झाला तेव्हा बंगाली प्रेक्षकांनीच ‘कोमल गांधार’कडे पाठ फिरवली, हे मला आजही सलतं.