फुंक कामगाराची, माप कुणाचं?

परवा आपल्याकडच्या एका सूतगिरणीतल्या आरोग्य शिबिराचे फोटो सगळ्या ग्रुपवर फिरत होते. मागे बॅनर, पुढे सत्काराचे नारळ, आणि कोपऱ्यात टेबलावर 'फुंकायचं मशीन'. मी तिथं होतो. दोन तासांत दीडएकशे माणसं फुंकून गेली. प्रत्येकी एकच फुंक. नाकाला चिमटा नाही. उंची मोजली नाही, "किती उंची?" विचारलं आणि पोरानं अंदाजे सांगितलेला आकडा टाकला. निकाल सरसकट नॉर्मल. टाळ्या.

ह्याला तपासणी म्हणायला माझा विरोध आहे.

मशीनचं नाव स्पायरोमीटर. छाती भरून श्वास घ्यायचा, जोरात फुंकायचं आणि शेवटचा थेंब निघेपर्यंत फुंकत राहायचं. नियम असा की किमान तीन फुंका नीट झाल्या पाहिजेत आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या दोन एकमेकींपासून 150 मिलीलिटरच्या आत पाहिजेत. मशीन बरोबर मोजतंय का, हे त्याच दिवशी 3 लिटरच्या सिरिंजनं हवा ढकलून बघायचं असतं. मी सिरिंज कुठाय विचारलं तर तो पोरगा इंजेक्शनची शोधायला लागला. त्याची चूक नाही, त्याला कुणी शिकवलंच नाही.

आता खरी गोम. मशीन तुमची फुंक लिटरमध्ये मोजतं, पण कागदावर ठळक छापतं टक्के. टक्के कशाचे? तर तुमच्या वयाच्या, उंचीच्या, बाई की पुरुष त्या हिशेबानं 'अपेक्षित' आकड्याचे. आणि सेटिंगमध्ये आणखी एक रकाना असतो: वंश. आपल्याकडे वर्षानुवर्षं युरोपियन माणसाचा आकडा घेऊन त्यातून 10 टक्के कापायची पद्धत चालत आलीय. मुंबई, दिल्ली, चंदीगडच्या डॉक्टरांनी आपल्या लोकांवर मोजून वेगळी समीकरणं काढली आहेत, पण शिबिरातल्या मशीनमध्ये कुठलं निवडलंय हे कुणाला ठाऊक असतं?

हिशेब करून बघा. अपेक्षित 4 लिटर, कामगार फुंकतो 3. म्हणजे 75 टक्के. 80 च्या खाली गेला की शंका घ्यायची, अशी ढोबळ रीत. आता 10 टक्के कापा: अपेक्षित 3.6, तेच 3 लिटर झाले 83 टक्के. नॉर्मल! माणूस तोच, छाती तीच, फक्त बटण बदललं.

हे बटण आलं कुठून? 1846 मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सननं हे यंत्र लोकांपुढे मांडलं. खलाशी, पोलीस, कारागीर अशा दोन हजारांवर माणसांची फुंक मोजून त्यानं दाखवलं की उंचीप्रमाणे हवा वाढते. विमा कंपन्यांना ह्याचा उपयोग होईल हेही त्याच्या डोक्यात होतं. पुढे अमेरिकेत गुलाम बाळगणाऱ्या सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं काळ्या माणसाची फुप्फुसं 20 टक्के कमी असं लिहिलं आणि राबवून घेणं त्यांच्याच तब्येतीला बरं, असं तर्कट मांडलं. 1999 मध्ये बाल्टिमोरच्या कोर्टात इन्शुलेशन बनवणाऱ्या एका कंपनीनं मागणी केली की ॲस्बेस्टॉसची भरपाई मागणाऱ्या काळ्या कामगारांना वेगळी मोजपट्टी लावा. न्यायाधीशांनी ती फेटाळली. 2023 मध्ये अमेरिकेतल्या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनेनंच वंशाचा रकाना सोडून सगळ्यांना एक सरासरी वापरा असं सांगितलं.

काही डॉक्टर मित्र म्हणतील, आपल्या लोकांची सरासरी खरंच कमी भरते. मान्य. कापणं बंद केलं तर धडधाकट पोरगाही भरतीत नापास होईल. हेही मान्य. (सरासरी कमी का, ह्यात बांध्याचा भाग आहे तसा लहानपणीच्या आहाराचा आणि चुलीच्या धुराचाही आहे. उपासमारीला 'वंश' म्हणून मोकळं होणं मला जमत नाही.) म्हणून माझं म्हणणं वेगळं आहे: कामगाराची तुलना त्याच्या स्वतःशी करा. कामावर लागला तेव्हा 22 व्या वर्षी 4.2 लिटर फुंकत होता, आज 32 व्या वर्षी 3.4. अपेक्षित 4 धरलं तर 85 टक्के, कागदावर नॉर्मल. पण वयानं वर्षाला फार तर 25-30 मिली जातात, म्हणजे दहा वर्षांत पाव लिटर. ह्याचे 800 मिली गेले. उरलेले कुठं गेले? ब्लोरूममध्ये?

पण मागची नोंद कुणाकडे आहे? ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात 1995 मध्येच सुप्रीम कोर्टानं आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षं ठेवायला सांगितलंय. आमच्याकडे मागच्या वर्षीच्या शिबिराचा कागद सापडत नाही.

आणि वार! कापसाच्या धुळीनं होणाऱ्या बिसिनोसिसची खूणच ही की सुट्टीनंतर पहिल्या पाळीला छाती आवळते, मग आठवडाभर सैल होत जाते. निदान सुरुवातीला तरी. म्हणून सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा फुंकवायचं, फरक बघायचा. आमचं शिबिर कधी? सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला, अंघोळ करून आलेल्या माणसांचं. त्या दिवशी आजार सापडेल कसा? हा आजार भरपाई मिळणाऱ्या रोगांच्या यादीत आहे, एवढं सांगितलं की बाकीचं तुम्हाला कळतंय.

फुंकून उरलेली लिटर-सव्वा लिटर हवा हे मशीन मोजतच नाही. त्याला काचेच्या खोलीसारखं बॉडी बॉक्स लागतं किंवा हेलियमची तपासणी. ते मोठ्या इस्पितळात. आम्ही ते मागत नाही आहोत.

मागतोय ते एवढंच: उंची टेपनं मोजा, तीन फुंका घ्या, टक्क्यांबरोबर लिटर आणि कुठलं समीकरण वापरलं ते छापा, आणि कागदाची एक प्रत कामगाराच्या हातात द्या. पुढचं शिबिर दिवाळीनंतर आहे म्हणतात. कार्डिंगला, ब्लोरूमला असलेल्यांनी जाताना मागचे असतील नसतील ते कागद घेऊन जा. प्रत नाही म्हणाले तर तारीख लिहून मला कळवा.