आईसाठी केअर सेंटर शोधताना

आईला आम्ही केअर सेंटरमध्ये ठेवलं, ही बातमी वस्तीत आमच्याआधी पोचली. वंदनेला विहारात गेलेल्या आमच्या थोरल्या वहिनींना दोघी-तिघींनी विचारलं, "मास्तरीणबाईंना आश्रमात टाकलं म्हणे?" 'टाकलं' हा शब्द ऐकून वहिनी घरी येऊन रडल्या. चार वर्षं आईचं सगळं त्यांनीच केलं होतं. रात्रीतून दोन-दोन वेळा अंथरूण बदललं, दाराला आतून कुलूप घालून किल्ली उशीखाली ठेवून झोपल्या. विचारणाऱ्यांपैकी एकीनंही कधी एक रात्र येऊन सोबत केली नव्हती. म्हणून आम्ही भावंडं मिळून हे लिहीत आहोत. आपल्या घराघरांत हा प्रश्न येणार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, डिमेन्शिया आहे. त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आणि खेड्यांतलं शहरांपेक्षा जास्त.

आधी एक गोष्ट. 'म्हातारपणी होतंच असं' म्हणून आम्ही जवळपास दीड वर्ष वाया घालवलं. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, खोल नैराश्य, पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त यांमुळेही माणूस विसरायला लागतो, गोंधळतो. आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार असतात. आईच्या तपासण्यांत तसं काही निघालं नाही, अल्झायमरच निघाला. पण तुमच्या घरी निघू शकतं. न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय कोणत्याही सेंटरची पायरी चढू नका.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, २००२ साली निवृत्त झाली. थोरला भाऊ आणि बहीण नागपुरात, धाकटा पुण्यात. म्हणून दोन्ही शहरांत मिळून आम्ही पाच ठिकाणं पाहिली. पहिल्या दोन ठिकाणी आम्ही वेड्यासारखे फरश्या, पलंग आणि बाग बघत राहिलो. एका ठिकाणी कारंजं होतं. आईला कारंज्याचं काय करायचंय, हे आमच्या लक्षात घरी आल्यावर आलं.

तिसऱ्या ठिकाणी व्यवस्थापकांनी आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग, "नाही, आडनावावरून नीट कळलं नाही" असं म्हणून थांबले. आमच्यापैकी एकानं "बौद्ध" म्हणून सांगितल्यावर ते फार गोड बोलले, चहा मागवला. आईच्या पलंगाशेजारी बाबासाहेबांचा फोटो लावता येईल का, असं विचारल्यावर म्हणाले, भिंतीवर काही लावायला परवानगी नसते. प्रवेशद्वारात हातभर उंचीचं देवघर होतं आणि संध्याकाळच्या आरतीला सगळ्यांना आणून बसवत होते. आम्हाला आरतीचं वावडं नाही. ज्यांची ती आठवण आहे त्यांना ती मिळायलाच हवी. आईची आठवण मात्र दुसरी आहे. ती बारा वर्षांची असताना वडिलांबरोबर वर्धा जिल्ह्यातल्या गावाहून नागपूरला आली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला त्या गर्दीत उभी होती. सकाळी काय खाल्लं ते आज तिला सांगता येत नाही, पण त्रिसरण सुरू केलं की ती शेवटपर्यंत म्हणते.

या आजारात अलीकडचं आधी पुसलं जातं आणि लहानपणचं बराच काळ टिकतं, हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं. त्याचा आपल्या माणसांसाठी काय अर्थ होतो, ते मात्र कोणी सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी उन्हाळ्यात आई स्वतःच्याच घरात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उकिडवी बसली आणि दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी धरली. कोणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून वाट बघत होती. तीस वर्षं मुलांना शिकवलेली बाई, स्वतःच्या पगारातून बांधलेल्या घरात, १९५० च्या आधीच्या त्या विहिरीवर जाऊन बसली होती. "आई, आपलंच घर आहे, आत ये," म्हटलं तर घाबरून मागे सरकली. शिवू नका, म्हणाली.

त्यानंतर सेंटर निवडण्याची आमची कसोटीच बदलली. चौथ्या ठिकाणी आम्ही आईला सोबत घेऊन गेलो, आणि तिनं तिथल्या जेवणघराच्या दाराशी तेच केलं. बरोबरच्या मॅडम हसल्या, "बघा, लहान मूल होतात अगदी." बस्स. आम्ही कागद घेतले आणि निघालो. त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांना ती ओंजळ वाचताच आली नाही. पण आईला रोज अशा माणसांच्या हातात द्यायचं नव्हतं.

पाचवं ठिकाण साधं होतं, जुन्या बंगल्यात, सतरा-अठरा माणसांचं. तिथंही आई बसलीच. काम करणाऱ्या मावशी पन्नाशीच्या असतील. क्षणभर थांबल्या, मग शेजारी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, माठ इथं हाये. तुमच्या हातानं घ्या." आईचा हात धरून उठवलं, ओगराळं तिच्या हातात दिलं. आई दोनदा हात मागे घेऊन मग पाणी घेऊन प्याली. आम्ही काही समजावून सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून आमचं ठाम मत झालं आहे की सेंटर म्हणजे तिथल्या मावशी. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, मालक महिन्यातून. अंग पुसणारी, भरवणारी, कूस बदलणारी बाई चोवीस तास असते. ती बहुतेक वेळा आपल्याच वस्त्यांतून आलेली असते, एवढंही आपण विसरू नये. म्हणून मालकाला निःसंकोच विचारा: यांना पगार किती, पाळी किती तासांची, सुट्टी कधी, रात्री किती माणसांमागे एक जण जागी असते? आम्ही पाहिलेल्या एका चकचकीत ठिकाणी रात्री बावीस जणांना दोन मावशी होत्या आणि त्या सकाळी आठपासून कामावर होत्या. बारा-चौदा तास उभं राहिलेल्या बाईकडून तुमच्या आईला हळुवार हात लावण्याची अपेक्षा करणं दोघींवरही अन्याय आहे. त्यांना बसायला खुर्ची आहे का, जेवायला जागा आहे का, हेही डोळ्यांनी बघा.

भेटीची वेळ ठरवून जाल तर ठरवून ठेवलेलंच दिसेल. एकदा तसं जा, पण दुसऱ्यांदा न सांगता, संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला जा. या आजारात दिवस मावळताना अस्वस्थता वाढते, माणसं 'घरी जायचं' म्हणून उठतात, चिडतात, रडतात. त्या वेळी तिथं काय होतं ते पाहा. कोणी हात धरून फेऱ्या मारवतंय, की टीव्हीचा आवाज मोठा केलाय? सगळेच्या सगळे सात वाजता गाढ झोपले असतील तर थांबा आणि गोळ्यांचं विचारा. भ्रम आणि आक्रमकपणा आवरण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी डिमेन्शिया झालेल्या वृद्धांमध्ये पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. कधी त्या द्याव्या लागतात, पण डॉक्टरांनी लिहून, घरच्यांना सांगून आणि ठरावीक काळापुरत्या. 'जरा शांत राहाव्यात म्हणून' हे कारण होत नाही. बांधून ठेवण्याबद्दलही स्पष्ट विचारा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नं साखळीनं बांधण्यास मनाई केली आहे. 'पडू नयेत म्हणून' असं उत्तर आलं तर पडू नये यासाठी दुसरं काय केलंय ते दाखवायला सांगा: न्हाणीघरात कठडे, रात्रीचा दिवा, न घसरणारी फरशी.

नखं बघा, कवळी धुतलेली आहे का बघा, आणि नाकावर विश्वास ठेवा. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस किती वेळानं बदलतात आणि ते कुठं लिहून ठेवतात, ते विचारा. महिन्याला वजन होतं का? घास गिळायला त्रास होऊ लागला की माणूस हळूहळू खाणं सोडतो, आणि भरवणाऱ्याला घाई असली की ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता पैसा. आम्ही पाहिलेल्या ठिकाणी महिन्याला अठ्ठावीस हजारांपासून पासष्ट हजारांपर्यंत सांगितले, अनामत वेगळी. डायपर, औषधं, दवाखान्यात नेण्याची गाडी बहुतेक ठिकाणी वेगळी. आईची पेन्शन आहे म्हणून आम्हाला जमलं. रोजंदारीवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या मुलांना यातलं काहीच जमणार नाही, हे लिहिताना आम्हाला लाज वाटते. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, अशा ठिकाणी राहण्यासाठी नाही. ज्येष्ठांच्या १४५६७ या हेल्पलाइनवर मोफत चौकशी करता येते. आणि आपल्या विहारांची सभागृहं आठवड्यातले सहा दिवस कुलूपबंद असतात. तिथं दिवसा चार तास अशा दहा म्हाताऱ्यांना बसवता आलं तर दहा सुनांना, दहा लेकींना झोप मिळेल. आमच्या विहार समितीपुढे आम्ही हा विषय दोनदा मांडला. अजून चर्चा चालू आहे.

करार घरी आणून शांतपणे वाचा. चालता येईनासं झालं किंवा त्रास वाढला तर घेऊन जा म्हणतात का? अनामत किती दिवसांत परत? आम्ही आधी पंधरा दिवसांपुरतंच ठेवलं, मग पुढचं ठरवलं. पुण्याचं एक ठिकाण सोयींनी यापेक्षा चांगलं होतं, पण नागपूरचं घेतलं, कारण कोणी ना कोणी आठवड्यातून तीनदा न सांगता जाऊ शकतं.

पहिल्या दिवशी आम्ही आईबद्दल एक पान लिहून मावशींच्या हातात दिलं. पाण्याचं लिहिलं. तिला 'आजी' नको, 'बाई' म्हणा, असं लिहिलं. केस ओढून विंचरलेले चालत नाहीत, भाताबरोबर जवसाची चटणी लागते, १४ एप्रिलला पांढरं लुगडं लागतं. फोटो पलंगाशेजारी आहे.

मागच्या रविवारी गेलो तेव्हा तिनं आमच्यापैकी कोणालाच ओळखलं नाही. शेजारच्या पलंगावरच्या आजींकडून ती पाटीवर अक्षरं गिरवून घेत होती, आणि त्यांचा 'ळ' पुन्हा चुकला म्हणून रागावली होती.