मिरजेच्या तंतुवाद्यांसाठी विद्यापीठाचे केंद्र उभे करूया





मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सगळ्यांनाच आनंद झाला आणि तो रास्तच होता. मानांकनाने नावाला संरक्षण मिळते. हातातली विद्या पुढच्या पिढीला देण्याची जबाबदारी मात्र शिक्षणसंस्थांनी आणि समाजाने उचलायची असते. म्हणून ही कळकळीची विनंती : तंतुवाद्यनिर्मितीचे संशोधन आणि शिक्षण करणारे, शिवाजी विद्यापीठाशी जोडलेले कायमस्वरूपी केंद्र मिरजेत उभे राहावे, यासाठी आपण सर्वांनी आत्ताच आवाज उठवूया.

एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी मिरजेत वाद्ये घडवायला घेतली. त्यातल्या फरीदसाहेब सतारमेकरांचे नाव आजही आदराने घेतले जाते. पुढे गायक अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात स्थायिक झाले. इथला तंबोरा देशभरच्या मैफलींत पोहोचला.

कारागिराला जवारी लावताना एकदा जवळून पाहा. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा वरवर सपाट दिसतो, पण त्याला किंचित उतार असतो. कारागीर कानस फिरवतो, तार छेडतो, कान देऊन ऐकतो, तार बाजूला सारून पुन्हा घासतो. एक हात जास्त बसला तर नाद मिटतो. शेवटी तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवत नेमकी जागा सापडली, की स्वर खुलतो. हे सगळे तो कानाने ठरवतो. याच घोडीचे कोडे भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांना पडले होते. तार जिथे छेडली तिथल्या हिशेबाने जे उपस्वर उमटायला नकोत, तेही या वक्र घोडीमुळे उमटतात, हे त्यांनी 1921 मध्ये मांडले. ते कोडे रोज हाताने सोडवणारा कारागीर विद्यापीठात गुरू म्हणून सन्मानाने बसला पाहिजे.

घाई का, तर ही विद्या बहुतांशी कानात आणि बोटांत आहे. जाणता कारागीर गेला, की तीही त्याच्याबरोबर जाते. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि मोबाईलमुळे मागणीला ओहोटी लागली आहे. मेहनतीच्या मानाने मिळकत नसेल, तर घरातली मुले या कामाला का बसतील? वाद्याचा भोपळाही पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून येतो. तो कडू, खाण्याच्या उपयोगाचा नाही. त्याला भाव मिळाला नाही तर शेतकरी दुसरे पीक घेईल, आणि भोपळ्यावाचून तंबोरा होत नाही.

हे काम आवाक्यातले आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने हस्तकलांसाठी 1996 मध्ये असे केंद्र सुरू केले. त्या केंद्राने संशोधकांना अर्थसाहाय्य दिले, आणि त्याच्याच पुढाकाराने 2010 मध्ये तिथल्या हस्तकलेचा सविस्तर इतिहास ग्रंथरूपाने आला. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने कलावंत आणि कारागिरांना उच्च शिक्षणसंस्थांत सामावून घेण्यासाठी 2023 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. वाट मोकळी आहे, चालायची तयारी हवी.

केंद्राने निदान चार कामे करावीत. ज्येष्ठ कारागिरांचे काम भोपळा कापण्यापासून जवारीपर्यंत चित्रित करून मराठीत नोंदवावे. शिकाऊ मुलामुलींना विद्यावेतन द्यावे आणि शिकवणाऱ्या कारागिराला प्राध्यापकाला शोभेल असे मानधन द्यावे. घोडी, लाकूड आणि नाद यांवर पदार्थविज्ञान व संगीत विभागांनी कारागिरांबरोबर संशोधन करावे. भोपळ्याचे बियाणे टिकवण्यासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची साथ घ्यावी.

आता आपल्याकडून काय हवे ते सांगतो. माजी विद्यार्थ्यांनो, आपल्या विद्यापीठाला पत्र लिहा. गायक-वादकांनो, वाद्य घेतले की घडवणाऱ्याचे नाव मैफलीत सांगा. संगीत वर्ग चालवणाऱ्यांनो, वर्गात निदान एक खरा तंबोरा ठेवा आणि त्याची जवारी वेळच्या वेळी लावून घ्या. ज्यांच्या घरी आजी-आजोबांचे जुने वाद्य पडून आहे, त्यांनी ते मोडीत काढू नये. फोटो काढून ठेवा, कोणी घडवले ते माहीत असेल तर लिहून ठेवा, दुरुस्तीला मिरजेला पाठवा. उद्योजकांनो, एका शिकाऊ मुलाचे वर्षभराचे विद्यावेतन उचला. आणि कारागीर बंधूंनो, घरातले ठेवणीतले ज्ञान शिकणाऱ्यांसाठी खुले करा. त्याचे श्रेय आणि मोबदला तुम्हाला मिळावा, यासाठी आम्ही तुमच्या बाजूने उभे राहू.

आज ज्यांचा कान तयार आहे आणि हात चालतो आहे, त्यांच्याकडून शिकून घेण्याची संधी फार दिवस राहणार नाही. पत्र आजच लिहा, आणि शेजाऱ्यालाही लिहायला सांगा.