गळा आहे, फीचे काय?

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारे एक अब्बा परवा आम्हाला भेटले. मुलगी बारावीला आहे. शाळेत नात म्हणायची तेव्हापासून तिच्या गोड गळ्याचे नाव आहे. आता तिला बी.ए.ला संगीत घ्यायचे आहे. "पोरगी ऐकत नाही. फी, क्लास, हार्मोनियम, हे माझ्या पगारात कसं बसवू? आणि लोक काय म्हणतील, ते वेगळंच."

आधी लोकांचे पाहू. संगीताबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि या सदरातून आम्ही फतवा देणार नाही. भरवशाच्या आलिमांना विचारून घराने ते ठरवावे. मात्र 'हे आपले नव्हेच' असे कोणी म्हणाले, तर ते इतिहासाला धरून नाही.

राज्य शासनाची शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या तरुणांसाठीची शिष्यवृत्ती पंडित भीमसेन जोशींच्या नावाची आहे. भीमसेनजींचे गुरू सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. हे खाँसाहेब मिरजेत राहिले आणि 1937 मध्ये तिथेच मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन झाले. कॉलेजच्या फीची एक योजना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे. याच शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादिया खाँना कोल्हापूर दरबारात आश्रय दिला होता. ज्यांच्या नावाने हा पैसा मिळतो, त्यांचे आपल्या उस्तादांशी असे नाते आहे. मग आपल्या मुलांनी अर्ज करताना संकोच का करावा?

आता पैशाचे. बी.ए. संगीत ही पदवीच आहे, त्यामुळे पदवीच्या नेहमीच्या शिष्यवृत्त्या इथेही पाहाव्यात. महाडीबीटी पोर्टलवर अल्पसंख्याकांच्या योजना आहेत. मोमीन, पिंजारी, तांबोळी अशा इतर मागास वर्गात येणाऱ्या बिरादरींसाठी वेगळी योजना आहे. खुल्या प्रवर्गासाठी शाहू महाराज योजना आहे, तिची उत्पन्नमर्यादा वर्षाला 8 लाख रुपये आहे. कोणती योजना आपल्याला लागू होते, हे प्रवेश घेतानाच कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारावे.

केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीही शिष्यवृत्ती आहे. वय 18 ते 25, महिना 5,000 रुपये, दोन वर्षे. निवड जाणकारांसमोर कला सादर करून होते. पण अट आहे ती गुरूकडे किंवा संस्थेत किमान 5 वर्षे शिकलेले असण्याची. आपली मुले अडतात ती इथे. गळा असतो, पण तालीम नसते. आणि तालीम असली तरी तिचा कागद नसतो. शाळेतली नात या हिशेबात धरली जात नाही.

म्हणून घरात लहान मूल गाणारे असेल तर आजच गुरू शोधा. 10 ते 14 वर्षांच्या शाळकरी मुलांसाठी सीसीआरटी या केंद्रीय संस्थेची शिष्यवृत्ती आहे. तिच्यात परंपरेने कला जपणाऱ्या घराण्यांतील मुलांसाठी काही जागा वेगळ्या ठेवलेल्या असतात. कव्वालांच्या घरांनी हे जरूर लक्षात घ्यावे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा एकेक करून देत जावे. त्यांचे दाखले पुढे तालमीचा पुरावा ठरतात आणि दहावीला नियमाप्रमाणे वाढीव गुणही मिळतात.

कागद निकालाआधीच जमवा: तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि आधारला जोडलेले मुलाच्या नावाचे बँक खाते. पोर्टलची तारीख कोणासाठी थांबत नाही. दाखला आठ दिवस उशिरा हाती आला म्हणून एका हुशार मुलाचे वर्ष हुकलेले आम्ही पाहिले आहे.

त्या अब्बांना आम्ही हिशेबच मांडून दिला. मुलगी आज अठराची. यंदा बी.ए.ची फी शिष्यवृत्तीतून भागते का ते पाहावे आणि याच महिन्यात तिला गुरूकडे घालावे. पाच वर्षांनी ती तेवीसची होईल, म्हणजे केंद्राच्या शिष्यवृत्तीचे दार तिला तेव्हाही उघडे असेल. हार्मोनियम सुरुवातीला क्लासमधलीच चालेल.

निघताना एवढेच म्हणालो, "भाई, नाही म्हणायचे तर विचार करून म्हणा, तो तुमचा हक्क आहे. पण पैसे नाहीत म्हणून नाही म्हणू नका. आधी अर्ज तर भरा." ते हसले आणि उत्पन्नाच्या दाखल्याला काय काय लागते, ते कागदावर लिहून घेऊन गेले. इन्शाअल्लाह, यंदा त्यांची तारीख हुकणार नाही.