चाक गाडीला, की गाडी चाकाला?

शनिवारची दुपार. सावेडीतल्या आमच्या घराचा पोर्च. अण्णांची पद्मिनी जॅकवर चढवलेली, मी तिच्या मागच्या चाकाजवळ फतकल मारून बसलेला आणि मेकॅनिक चाचांच्या हातात ग्राइंडर. प्लग लावून तयार.

‘‘बोलो बेटा, काटूं क्या?’’

कापायची होती मागच्या मडगार्डच्या पत्र्याची आतली कड. जेमतेम बोटभर. पाच मिनिटांचं काम. अण्णा दारात उभे होते आणि काहीच बोलत नव्हते. आमचे अण्णा बडबडतात तेव्हा काळजी नसते. गप्प झाले की समजायचं, मामला सीरियस आहे.

पण थांबा, ग्राइंडरपर्यंत गोष्ट पोचली कशी ते आधी सांगतो.

ही पद्मिनी अण्णांनी १९८४ साली घेतली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, सोफ्यासारखी पुढची सीट. नंतर घरात नवी गाडी आली आणि ही ताडपत्रीखाली गेली. अकरा वर्षं. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली, त्या बातम्या बघताना आमच्या डोक्यात किडा वळवळला. आपली बाहेर काढायची! मग दर वीकएंडला पुणे ते नगर, १२० किलोमीटर. (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, पण आमच्या घरात अजून नगरच.) इंजिन झालं, ब्रेक झाले, वायरिंग झालं. चाकं सगळ्यात सोपी म्हणून शेवटी ठेवली होती. इथेच तर फसलो.

पुण्यातल्या एका दुकानात १५ इंची अलॉय बघितले आणि प्रेमातच पडलो. त्यावर १९५/५० आर १५ चे रुंद टायर. होल जुळत नव्हते, तर दुकानदार म्हणाला, अडॅप्टर टाकू. टाकला. गाडी उभी केली, चारी बाजूंनी बघितली, एकदम झक्कास! ‘‘परफेक्ट बसतंय सर!’’ फोटो काढला, स्टेटसला टाकला, सव्वाशे लाइक्स. एकट्याने नगरपर्यंत चालवत आणली, तेव्हाही काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. अण्णा, आई, मावशी, डिकीत डबे आणि पाण्याचा कॅन. निघालो चांदबीबी महालाकडे. (खरं तर तो सलाबतखानाचा मकबरा, पण नगरकर ऐकतात थोडंच!) चढावरच्या एका वळणावर रस्ता जरा खचलेला होता. गाडी त्यात बसली आणि मागून आवाज आला. खर्रर्र. मग जळक्या रबराचा वास. उतरून बघतो तर मागच्या टायरचा खांदा किसणीवर किसल्यासारखा आणि मडगार्डची कड चाकूसारखी चकचकीत. हाच टायर उतारावर, वेगात फुटला असता तर? मागच्या सीटवर आई आणि मावशी होत्या. पुढचं वाक्य मी मनातल्या मनातही पूर्ण केलं नाही. त्या दोघींना मिळेल त्या रिक्षाने घरी पाठवलं आणि अण्णा आणि मी वीसच्या स्पीडने परत आलो.

गंमत बघा. आमच्या गावात डीआरडीओची व्हीआरडीई आहे. नवीन मॉडेल विकायच्या आधी कंपनीला सरकारमान्य संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमात त्या संस्थांची यादी आहे आणि तिच्यात पुण्याच्या एआरएआयबरोबर आमच्या नगरची व्हीआरडीईसुद्धा आहे. अशा गावात मी चाकं पास केली ती कशावर? तर फोटो चांगला आला म्हणून!

मग शहाण्यासारखा वही-पेन घेऊन बसलो. चाक बसतं म्हणजे नक्की काय, हे मला पहिल्यांदा कळलं. तुमच्याही घरी एखादी जुनी गाडी उभी असेल, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, होल. नट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. चार नटांच्या चाकात समोरासमोरच्या होलांच्या मध्यातलं अंतर मोजलं की तो मिळतो. स्विफ्टचा १०० मिलिमीटर, जुन्या पॅलिओचा ९८. फरक फक्त दोनचा. डोळ्यांना दिसत नाही आणि नट लागल्यासारखाही वाटतो. पण तो तिरका बसतो आणि पुढेमागे सैल होतो. मधलं मोठं भोकही हबवर बरोबर बसायला हवं. नटाची बूड निमुळती आहे की सपाट, तेही बघायचं.

दुसरी, ऑफसेट. हबला टेकणारी चाकाची बैठक रिमच्या बरोबर मध्यात असेल तर ऑफसेट शून्य. बैठक बाहेरच्या बाजूला सरकलेली असेल, तर चाक तेवढं आत जातं. अलॉयवर ‘ईटी’ आणि पुढे आकडा असतो, तो हाच. माझ्यावर ईटी ४० होता. आजच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी तो अगदी नॉर्मल, मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाडीसाठी भलताच. जुन्या रिमचा ऑफसेट हिशेबाच्या सोयीसाठी शून्य धरू. १५५ चा टायर असेल तर तो मध्यापासून आत-बाहेर साडेसत्त्याहत्तर मिलिमीटर जातो. १९५ चा टायर ईटी ४० वर टाकला की आत साडेसदतीस अधिक शंभर. म्हणजे आधीपेक्षा ६० मिलिमीटर आत, थेट पाट्यांच्या गळ्यात! म्हणून दुकानदाराने ४० मिलिमीटरचा अडॅप्टर टाकून चाक बाहेर ढकललं. मध्य जागेवर आला, पण टायर दोन्ही बाजूंना २० मिलिमीटर जास्तच राहिला. बाहेरच्या त्याच २० मिलिमीटरवर मडगार्ड टेकत होतं.

तिसरी, उंची. टायरवरच्या आकड्यांतून ती काढता येते. १५५/८० आर १४ म्हणजे रुंदी १५५, बाजूची भिंत तिच्या ८० टक्के, १२४. भिंत वर आणि खाली म्हणून दुप्पट, २४८. त्यात १४ इंची रिमचे ३५६ मिळवा. झाले ६०४. तसंच १९५/५० आर १५ चे होतात ५७६. म्हणजे रिम मोठी दिसते, पण चाक २८ मिलिमीटरने बुटकं. गाडी १४ मिलिमीटर खाली बसली आणि स्पीडोमीटरने ८० दाखवलं तेव्हा मी खरा ७६ ने चाललो होतो. शिवाय भिंत १२४ ची ९७ झाली. आमच्याकडच्या खड्ड्यांचा दणका ती भिंत खाते. ती कमी झाली की उरलेला दणका रिम आणि कंबर खातात.

चौथी गोष्ट मला कळली ती नगरच्याच रणगाडा संग्रहालयात. आर्मर्ड कोअरने १९९४ साली सुरू केलेलं हे म्युझियम लहानपणापासून पाहिलेलं, पण या वेळी मी पॅटन आणि विजयंताकडे ढुंकूनही न बघता सिल्व्हर घोस्टच्या चासीवरच्या रोल्स-रॉइस चिलखती गाडीकडे गेलो. पहिल्या महायुद्धात रोल्स-रॉइसच्या आलिशान मोटारीवर पोलादी कवच चढवून या गाड्या बनवल्या. वजन चार टनांच्या घरात गेलं, म्हणून मागच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंना जोड चाकं लावली. आधी बघितलं गाडी काय वाहणार आणि कुठे जाणार, मग ठरलं चाक. मी नेमकं उलटं केलं होतं. आधी चाक ठरवलं आणि आता मागे माणसं बसली तर गाडीच कापायला निघालो होतो.

तर पुन्हा ग्राइंडरपाशी. चाचा वाट बघतायत. तेवढ्यात अण्णा एकच वाक्य बोलले, ‘‘कापलेलं परत येत नाही रे.’’

त्याच मडगार्डवर एक पोचा आहे. आई गाडी शिकत होती तेव्हा गेटच्या खांबाला घासली होती. रंग दोनदा झाला, पण अण्णांनी तो पोचा काही काढू दिला नाही. कापताना हीटने तोही गेला असता. आणि दुसरा हिशेब असा. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झालेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल नको. आमची पन्नाशी २०३४ मध्ये. त्या वर्षी मूळ पत्रा असलेली गाडी असावी, की माझी हौस भागवलेली?

‘‘चाचा, प्लग काढा.’’

माळ्यावरून जुन्या १४ इंची रिम काढल्या. घासून गंज काढला, तडा आहे का बघितलं, फिरवून वाकडेपणा तपासला. वर १५५/८० आर १४ चे चार नवे रेडियल, चारी एकाच जातीचे, कारण जुन्या क्रॉस-प्लायबरोबर रेडियल मिसळायचे नसतात. जुनी रिम, म्हणून आत ट्यूब. टायरच्या बाजूचा चार आकडी कोडही वाचला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दुकानात पडून म्हातारा झालेला टायर ‘नवा’ म्हणून गळ्यात मारला जाऊ शकतो, तेव्हा जपून.

आणि मग खरी परीक्षा. आईकडून मूठभर घट्ट कणीक मागितली. ‘‘आता हिला पोळ्या खायला घालणार का?’’ आईचा सवाल. कणकेच्या गोळ्या मडगार्डच्या आत, पाट्यांजवळ, जिथे टायर टेकू शकतो तिथे चिकटवल्या. मागे शेजारचे तिघे धट्टेकट्टे काका बसवले, डिकीत दोन पोती गहू. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. गल्लीतला स्पीडब्रेकर सरळ, मग तिरका. परत येऊन गोळ्यांत काडी खुपसून जाडी मोजली. कणीक दाबून जेवढी उरली, तेवढी खरी मोकळी जागा. मागे दोन्हीकडे बोटभर शिल्लक. पुढे डावीकडे मात्र पूर्ण वळवल्यावर गोळी पापडासारखी झाली होती. टायर तर तोच! चाचा खाली गेले आणि हसत बाहेर आले. सस्पेन्शनच्या आर्मचा रबर बुश संपला होता. अलॉयच्या गडबडीत तो तसाच राहिला असता.

बुश बदलला. नट एकाआड एक, समोरासमोरचे कसले. ५० किलोमीटर झाल्यावर पुन्हा पाना लावला. एक अर्धा फेरा फिरलाच.

गेल्या रविवारी आम्ही परत चांदबीबी महालावर गेलो. तेच चौघे, तेच डबे, तोच खचलेला रस्ता. गाडी त्यात बसली, मी श्वास रोखला आणि मागून आवाज आला. मावशी डबा उघडत होती.

फोटो काढला. या वेळी लाइक्स एकवीस. अलॉय विकायला काढलेत. फोन येतात, लोक किंमत विचारतात, फोटो मागतात. मी मात्र आधी एकच विचारतो, ‘‘तुमच्या गाडीत मागे कोण बसतं?’’