पाटीवर लेक, सातबारावर?
मैत्रिणींनो, आपल्या राधानगरीतली ‘राधा’ कोण, असं मुलांनी विचारलं तर सांगता येईल? ती राजर्षी शाहू महाराजांची लेक राधाबाई, म्हणजेच अक्कासाहेब. तलावाला राणी लक्ष्मीबाईंचं नाव अन् गावाला लेकीचं!

१९०८ साली लग्न होऊन अक्कासाहेब देवासच्या तुकोजीराव पवारांच्या घरी गेल्या. पुढे कोल्हापूरची गादी रिकामी झाली, तेव्हा १९४७ मध्ये त्यांचेच चिरंजीव विक्रमसिंहराव दत्तक आले आणि शहाजी महाराज झाले. म्हणजे वारसा लेकीकडून आला, पण लेकीला नाही मिळाला. ताराराणींनी उभ्या केलेल्या गादीवरही लेकीला बसवायची रीत नव्हती.

आता तो काळ गेला. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत लेकीचा हक्क भावाइतकाच झाला. तरी हक्कसोडपत्रावर आपण न वाचताच सही करतो. का? तर माहेर तुटेल! भावाला खुशीने द्यायचं तर जरूर द्या. पण आधी सातबारा बघा, कागद वाचा, मग ठरवा. भाऊबीजेच्या साडीत शेताचा हिशेब मिटवू नका.

गावाच्या पाटीवर लेकीचं नाव शोभतं, मग सातबारावर का नको?