नव्या पाणबुड्यानें बुडी कोठें मारावी?

समुद्राच्या तळाशीं फिरून येणें ही गोष्ट आमच्या लहानपणीं कथापुराणांतच ऐकावयाची असे. आतां ती सुटींतली करमणूक झाली आहे. पाठीवर हवेचें नळकांडें, तोंडांत रबरी नळी आणि डोळ्यांवर कांच, अशा वेषांत आपल्या घरचीं मुलें खुशाल प्रवाळांमध्यें विहरून येतात. आम्हीं स्वतः कमरेपेक्षां अधिक पाण्यांत कधीं पाऊल टाकलेलें नाहीं. तेव्हां या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार तो काय, असें कोणी विचारील. अधिकार पाणबुड्याचा नव्हे, काकाचा आहे.

२०२३ च्या दिवाळींत आमच्या धाकट्या पुतण्यानें मालवणाकडे कांहीं दिवस राहून स्कूबाचा पहिला परवाना मिळविला. ‘ओपन वॉटर’ असें त्या परवान्याचें नांव. त्याचें कार्ड घरांत हातोहात फिरलें. वहिनींनीं तें देवापुढें ठेवलें, आणि आम्हीं सर्वांनीं त्याला एकच प्रश्न विचारला, “किती खोल जातां येतें रे?” “अठरा मीटर, काका. म्हणजे साठ फूट धरा,” असें तो म्हणाला. आम्हीं त्याची पाठ थोपटली.

पुढें २०२४ च्या फेब्रुवारींत तो मित्रांसह अंदमानांतील स्वराज द्वीपास गेला. २०१८ पर्यंत हॅवलॉक म्हणत तें हेंच बेट. तेथील एका केंद्रानें त्याला पहिल्याच दिवशीं होडींतून खोल पाण्यावर नेलें. बरोबरचे चौघेही अनुभवी, हा एकटा नवा. खडकाचा कडा सरळ खालीं गेलेला आणि पाणी नितळ, त्यामुळें खोलीचा अंदाज येईना. मनगटावरील यंत्र पाहिलें तों सव्वीस मीटर! छाती धडधडूं लागली, श्वास जलद झाला आणि हवेचा कांटा भराभर उतरला. वाटाड्यानें आपली जादा नळी त्याच्या तोंडांत दिली व त्याला सावकाश वर आणलें. घरीं येऊन हें सांगतांना “कांहीं झालें नाहीं,” असें तो दोनदां म्हणाला. वहिनींनीं हातांतली वाटी खालीं ठेवली, ती बराच वेळ उचलली नाहीं. मागाहून तो हळूच आम्हांस म्हणाला, “नको म्हणावयास हवें होतें, काका, पण सगळेच निघाले होते.”

त्यानंतर आम्हीं या विषयावरील पुस्तकें चाळलीं, जाणत्यांस गांठलें. ज्या घरांत असें कार्ड नुकतेंच आलें असेल, त्यांच्यासाठीं त्याचें सार येथें देतों.

रूपावली पाठ झाली म्हणून कोणी मुलापुढें बाणभट्टाचें गद्य ठेवीत नाहीं. पहिल्या परवान्याचा अर्थही तितकाच आहे: जशा पाण्यांत शिकलांत तशा पाण्यांत, जोडीदारासह, अठरा मीटरांपर्यंत जाण्यास तुम्ही योग्य आहां. पाडी या संस्थेचा हा परवाना समुद्रांतील किंवा तत्सम मोकळ्या पाण्यांतील अवघ्या चार बुड्यांवर मिळतो, हें विसरूं नये. दहा-अकरा वर्षांच्या मुलांस तर बारा मीटरांचीच मर्यादा आहे.

खोलीचें गणित सोपें आहे. पृष्ठभागावर एक वातावरणाचा दाब असतो; पुढें दर दहा मीटरांस तितकाच दाब वाढत जातो. दहा मीटरांवर दुप्पट, विसांवर तिप्पट, तिसांवर चौपट. त्याच पटीनें प्रत्येक श्वासास हवा अधिक लागते. जी हवा वर तासभर पुरेल, ती तीस मीटरांवर पाव तासांत संपते. त्यांत घाबरलेला मनुष्य धापा टाकतो, मग पाव तासही उरत नाहीं. शिवाय तीस मीटरांच्या सुमारास अनेकांस नत्रवायूची गुंगी चढूं लागते, आणि भयाबरोबर विवेकही कमी होतो.

म्हणून सुटींतली पहिली बुडी अशा जागीं असावी, कीं जेथें समुद्राचा तळच अठरा मीटरांच्या आंत आहे. मग चूक झाली तरी अधिक खालीं जाण्यास वाव राहत नाहीं. स्वराज द्वीपाचेंच उदाहरण घ्या. ‘नेमो रीफ’ ही जागा उथळ असून किनाऱ्यावरून चालतच पाण्यांत शिरतां येतें. नव्यांनीं तेथून आरंभ करावा. ‘लाइटहाउस’ हें त्यापुढचें पाऊल. ‘द वॉल’ येथील कडा मात्र नव्याच्या मर्यादेच्या पुष्कळ खालीं जातो. एका पातळीवर स्थिर तरंगणें अंगवळणीं पडल्यावांचून तेथें जाऊं नये. ‘डिक्सन्स पिनॅकल’ आणि ‘जॉनीज गॉर्ज’ हीं नांवें मित्रमंडळींच्या तोंडीं असतात. पण तीं पुढच्या, तीस मीटरांच्या परवान्याला साजेशीं ठिकाणें आहेत. तीं पळून जात नाहींत.

दुसरी गोष्ट प्रवाहाची. येथें घरचें पंचांग उपयोगीं पडतें. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागें उधाण असतें आणि पाण्याला ओढ मोठी. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हां ओढ कमी. प्रवासाला मुहूर्त पाहणारांस बुडीसाठीं तिथि पाहणें जड जाऊं नये. ऋतूही पाहावा. कोंकणकिनाऱ्यावर पावसाळ्यांत बुड्या बंद असतात. अंदमानचा समुद्र जानेवारीपासून एप्रिलपर्यंत बहुधा शांत असतो.

तिसरी गोष्ट बुडीला नेणाराची पारख. “तुमची शेवटची बुडी केव्हां झाली? एकूण किती झाल्या?” असें जो आधीं विचारतो, बुड्यांची वही पाहतो आणि पहिल्या दिवशीं उथळ पाण्यांत उजळणी करून घेतो, त्याच्याकडे जावें. पैसे मोजून घेऊन थेट होडींत बसविणाराकडे जाऊं नये. आपणही चार प्रश्न विचारावे: तळ किती खोल आहे? आज प्रवाह कसा आहे? एका वाटाड्यामागें किती जण, आणि त्यांत माझ्यासारखे नवे किती? किती हवा उरली असतां परतावयाचें? परवाना मिळून वर्ष लोटलें असेल व मध्यंतरीं एकही बुडी झाली नसेल, तर आधीं तलावांत उजळणी करावी. उजळणीची लाज वाटूं देऊं नये.

चौथी गोष्ट परतीच्या तिकिटाची. बुडींत अंगांत मुरलेला नत्रवायु हळूहळू बाहेर पडतो. तोंवर विमानाच्या उंचीवर जाणें धोक्याचें असतें. एकाच बुडीनंतर निदान बारा तास, आणि अनेक बुड्यांनंतर निदान अठरा तास थांबावें. सबब शेवटचा दिवस कोरडा ठेवावा. अंदमानांत तो फुकट जात नाहीं. २०२४ पर्यंत ज्यास पोर्ट ब्लेअर म्हणत, त्या श्री विजयपुरम् येथें सेल्युलर कारागृह आहे. तात्याराव सावरकर १९११ ते १९२१ या काळांत जेथें बंदिवासांत होते, ती जागा मुलांनीं डोळ्यांनीं पाहावी.

आतां मुख्य गोष्ट. पाणबुड्यांत एक नियम सर्वमान्य आहे: कोणीही, केव्हांही, कारण न सांगतां बुडी नाकारावी, त्याला कोणी दोष देऊं नये. हा नियम आमच्या पुतण्यास पाठ होता. मग त्या दिवशीं तो जिभेवर कां आला नाहीं? विचार करतां उत्तर आमच्याच घरांत सांपडलें. कार्ड हातीं आलें तेव्हां आम्हीं सर्वांनीं त्याला खोलीच विचारली. तूं केव्हां परत फिरशील, असें एकानेंही विचारलें नाहीं. वर्गांतही “मला येत नाहीं” असें सरळ सांगणाऱ्या मुलास आम्हीं किती वेळां बाकावर उभें केलें, तें आतां आठवतें. नको म्हणणें हा भित्रेपणा, असें आपणच मुलांच्या मनांत भरवितों, आणि मग समुद्राच्या मध्यभागीं त्यांनीं तें कसें उच्चारावें, ही अपेक्षा करतों!

यंदा तो पुन्हां अंदमानास निघाला आहे. या खेपेस आम्हीं त्याला म्हटलें, “किती खोल गेलास तें नको. काय नाकारलेंस तेवढें येऊन सांग.” तो हंसला व म्हणाला, “पहिल्या दिवशीं नेमो रीफ, काका.” वहिनींनीं आंतून पंचांग आणून दिलें.